सेव्ह न करता केलेली सही

प्रश्न: वय 29, नोकरी करते, माझ्या पगारावर कोणी अवलंबून नाही. ओटोमे गेम्सचं (नायिका होऊन नायकांशी प्रेमकथा खेळायच्या जपानी धाटणीच्या गेम्सचं) वेड आहे. पहिल्यांदा खेळताना गाइड बघत नाही, प्रत्येक पर्यायाआधी सेव्ह करते, आणि चष्मेवाला अबोल नायक आवडतो म्हणून त्याचा रूट (त्याच्या कथेची वाट) शेवटी ठेवते. यंदा एका पगाराएवढा बोनस मिळालाय. त्यातून त्याच्या गेमची लिमिटेड एडिशन घेऊ (पुढे किंमत वाढेलच ना?), की मोबाइल गेममधल्या त्याच्या वाढदिवसाच्या कार्डासाठी पुल्स (नशिबानं कार्ड लागतं अशा विकतच्या सोडती) घेऊ? खर्चाचा तक्ता जोडलाय.

उत्तर: तक्ता जोडलात ते बरं केलंत. पगार 100 धरू. गेम्सवर महिन्याला 6 जातात आणि त्याबद्दल तुम्हाला उगाच अपराधी वाटतंय. मिस्टिक मेसेंजर या ओटोमे गेममधलं, ठरल्या वेळीच उघडणारं रात्रीचं चॅट चुकू नये म्हणून तुम्ही गजर लावून उठता, पण चुकलेलं चॅट उघडायला अवरग्लास (गेममधलं चलन) खर्चत नाही, असंही तक्त्याखाली लिहिलंय. एवढी काटकसर मला बहुतेक पत्रांत दिसत नाही.

माझी नजर अडकली शेवटच्या दोन ओळींवर. ‘पॉलिसी 18.’ ‘क्रेडिट कार्ड, बाकी 40, मिनिमम ड्यू भरते.’

आधी पॉलिसी. मागे कोणी अवलंबून नाही, मग हा विमा कोणासाठी? एजंट म्हणाला, 20 वर्षांत पावणेदोनपट. ऐकायला झकास. पण शेवटचे हप्ते जेमतेम काही महिने आत राहतात, त्यामुळे हिशेब केला की परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास येतो. आणि क्रेडिट कार्डावर व्याज महिन्याला 3 टक्के, म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला 42 च्या वर! एका हातानं 5 नं साठवायचं, दुसऱ्या हातानं 42 नं उधार घ्यायचं. हा धंदा कोण करतं?

बऱ्याच ओटोमे गेम्समध्ये स्किप दाबलं तरी न वाचलेली ओळ आली की ते आपोआप थांबतं. पॉलिसीचा अर्ज असा थांबत नाही. सही कुठे करायची तेवढं दाखवतात. तुम्हीच लिहिलंय, ‘एका बसण्यात करून टाकली.’

दोन वर्षांत 432 भरलेत. त्यातले किती परत मिळतील ते कंपनीकडून लेखी घ्या: सरेंडर व्हॅल्यू (आता बंद केली तर मिळणारी रक्कम) किती, आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर किती. आकडा बघून वाईट वाटेल, पण गेलेल्या 432 वर रडत बसू नका. उरलेल्या 18 वर्षांत अजून 3,888 भरायचे आहेत, निर्णय त्या पैशांबद्दल घ्यायचा आहे. माझं मत बंद करण्याकडे.

बोनसमधून 40 देऊन कार्ड आजच शून्यावर आणा. उरलेले 60 अडीअडचणीच्या निधीत टाका, तिथे सध्या काहीच नाही. पॉलिसीचे सुटलेले 18 दरमहा तिथेच. खर्च 70 धरला तर सहा महिन्यांचे 420 जमायला 20 महिने लागतील.

आता तुमचा प्रश्न. 1 टक्का शक्यतेच्या कार्डासाठी 100 पुल्स केले तरी 100 पैकी 37 जणी रिकाम्या हातानं परततात. हमीचा आकडा (इतक्या पुल्सनंतर कार्ड नक्की मिळतं असा) असेल तर तेवढे पुल्स साठेपर्यंत हातच लावू नका, आणि साठवायचे ते त्या 6 मधूनच. लिमिटेड एडिशनही तशीच, दोन-तीन महिने थांबून. किंमत वाढेलही, पण तुम्ही ती विकणार आहात का? चष्मेवाल्याला?

सरेंडरचा आकडा आला की कळवा. पुढचा हप्ता भरायच्या आत.