मोठा धक्का बसलेल्या मुलांचे उपचार : प्रश्नोत्तरे

आघातानंतरच्या ताणाबद्दल, म्हणजे पीटीएसडीबद्दल, पालकांच्या त्याच शंका फिरून येतात.

अपघाताला दहा दिवस झाले. मुलगी रात्री दचकून उठते. पीटीएसडी असेल का?

इतक्यात तसं म्हणता येत नाही. लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली तरच हे निदान होतं. मात्र ती जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या.

मुलगा सात वर्षांचा आहे. अपघाताला पाच महिने झाले, तरी गाडीत बसत नाही. खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटत राहतो. घरचे म्हणतात, विषय काढू नका, आपोआप विसरेल.

पाच महिन्यांत विसरला नाही, हे तो खेळातून रोज सांगतो आहे. गाडी टाळली की त्याला लगेच हायसं वाटतं आणि ‘टाळलं म्हणून वाचलो’ हे मनात पक्कं होतं. भीतीला ओसरायची संधीच मिळत नाही. घरातल्यांच्या गप्प बसण्यातून तो एवढंच शिकतो, की ही गोष्ट मोठ्यांनाही झेपत नाही.

यावर पहिला उपचार आघातकेंद्रित सीबीटी, म्हणजे त्या प्रसंगाबद्दलचे विचार आणि वागणं हळूहळू बदलणारा, बोलण्यातून होणारा उपचार. साधारण बारा ते सोळा बैठका लागतात. आधी श्वास आणि स्नायू सैल सोडणं, भावनांना नावं देणं. मग मूल त्या दिवसाची गोष्ट चित्रांतून किंवा शब्दांतून मांडतं, अगदी सकाळच्या आंघोळीपासून. प्रत्येक टप्प्यावर भीतीला ० ते १० गुण देतं. तोच भाग पुन्हा सांगताना आठाचे पाच, पाचाचे तीन होतात. पुढे उभ्या गाडीत बसणं, मग छोटी फेरी. बिघडतं ते दोन ठिकाणी : घरी पालक उलटतपासणी घेतात, किंवा उपचारक श्वासाच्या व्यायामावरच अडकतो आणि गोष्टीपर्यंत पोहोचतच नाही. आणखी थांबू नका. बालमानसतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.

झोपेची गोळी सुरू करू का?

नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषध देऊ नये, असं ब्रिटनची २०१८ची मार्गदर्शिका सांगते. सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. चालू असलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका.

‘एका बैठकीत आठवण पुसून टाकू’ असं एका जाहिरातीत आहे.

पैसे भरू नका. आठवण पुसली जात नाही, तिची धार कमी होते. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर पद्धत खरी आहे, पण तीही प्रशिक्षित माणसाकडूनच. पद्धत कोणती, बैठका किती, पालकांचा सहभाग किती, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा.

बैठकीत मी सोबत बसू का?

काही वेळ तो एकटा, काही वेळ तुम्ही एकटे, शेवटी दोघं एकत्र. त्याची गोष्ट तुम्ही आधी स्वतंत्रपणे ऐकायची, म्हणजे त्याच्यासमोर कोसळणार नाही.