नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग १६ बिटमध्ये करावं की २४? फरक ऐकू येतो का?

रेकॉर्डिंग २४ बिटमध्येच करा. ऐकणाऱ्याला द्यायची फाइल १६ बिटची चालते; सीडीही १६ बिटचीच असते.

बिट वाढले की आवाज गोड होतो, हा गैरसमज आहे. ध्वनिलहरीची उंची दर क्षणी किती पायऱ्यांच्या पट्टीवर मोजायची, एवढंच बिट ठरवतात. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या, २४ बिटला १,६७,७७,२१६. मोजमाप जवळच्या पायरीवर बसवताना राहणारी चूक खरखर होऊन उरते, आणि प्रत्येक वाढीव बिटमागे ती सुमारे ६ डेसिबलने खाली जाते. म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापासून या खरखरीपर्यंत १६ बिटला साधारण ९६ डेसिबलचा पल्ला, २४ ला कागदोपत्री १४४ (प्रत्यक्षात माइकची आणि त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपची खरखर त्याआधीच आडवी येते).

आता गोदाघाटावर पथक उभं आहे. पहिली थाप किती जोरात पडेल, सांगता येत नाही. म्हणून मी पातळी कमाल मर्यादेच्या १८ डेसिबल खाली ठेवतो. १६ बिटमधले तीन बिट तिथेच गेले! मग घंटेचा विरत जाणारा नाद नंतर वाढवायला गेलं, की खरखरही सोबत वर येते. २४ बिटमध्ये ती धास्ती नाही. शेवटी १६ वर उतरवताना डिदर, म्हणजे पायऱ्यांची चूक कानाला खटकू नये म्हणून मुद्दाम मिसळलेली अगदी हलकी खरखर, मात्र जरूर लावा.