कटकट थांबली आणि तोंड उघडेना: ब्रेसेस चालू असताना जबड्याचा सांधा अडला तर

डॉक्टर, तुमची केस थोडक्यात अशी: २२ वर्षांची मुलगी, वरचे प्रीमोलर (सुळ्यामागच्या लहान दाढा) काढून ब्रेसेस लावलेत, क्लास टू इलॅस्टिक (वरचे दात मागे आणि खालचे पुढे ओढणारे रबर) चालू आहेत. उजव्या कानापुढची जुनी कटकट, म्हणजे जबडा हलताना होणारा ‘कट’ आवाज, दोन आठवड्यांपूर्वी अचानक थांबली आणि तेव्हापासून तोंड जेमतेम २८ मिमी उघडतंय, चावताना दुखतंय. आईचं म्हणणं, तारांमुळेच झालं. तुम्ही विचारताय, तारा काढून टाकू का?

तारा काढू नका. इलॅस्टिक मात्र आजच बंद करा. आहे ती वायर पॅसिव्ह, म्हणजे दातांवर जोर न देता, राहू द्या, पुढची वायर चढवू नका.

कटकट थांबली की पेशंटला बरं वाटतं, पण इथे तीच काळजीची खूण आहे. पुढे सरकलेली डिस्क (सांध्यातली गादी) तोंड उघडताना काँडाइलवर (खालच्या जबड्याच्या हाडाच्या गोल टोकावर) परत बसते, तेव्हा क्लिक होतो. ती बसेनाशी झाली की आवाज जातो आणि काँडाइल अर्ध्या वाटेत अडतो. तोंड उघडताना हनुवटी उजवीकडे वळते का आणि जबडा डावीकडे कमी सरकतो का, ते बघा. मग बोटांनी हलका ताण द्या. चार-पाच मिमी सहज वाढलं आणि शेवट मऊ लागला तर दोष बहुधा स्नायूंचा. ठाम अडलं तर डिस्कचा संशय घ्या. डीसी-टीएमडी या जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठीच्या २०१४च्या निदान-निकषांत ताण देऊन आणि ओव्हरबाइट (वरचे पुढचे दात खालच्यांना उभे झाकतात ते अंतर) मिळवून ४० मिमीपेक्षा कमी उघडणं, शिवाय जबडा अडून खाण्यात अडथळा आल्याचा इतिहास, अशी अट आहे. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीबीसीटीत (त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) डिस्क दिसत नाही. एमआरआय तेव्हाच सांगा, जेव्हा त्याने उपचार बदलणार असेल.

आपल्याकडे एक गोष्ट आधी तपासायलाच हवी: गालाची आतली बाजू. सुपारी, मावा, खर्रा खाणाऱ्या तरुण मुलांमुलींत सबम्युकस फायब्रोसिसमुळेही (तोंडातली त्वचा आतून ताठ होण्याच्या विकारामुळेही) तोंड कमी उघडतं. बोटाला पट्टे लागतात का, तिखट झोंबतं का, हे आई बाहेर बसलेली असताना विचारा. अक्कलदाढेचा जंतुसंसर्गही बघून घ्या.

डिस्कच असेल तर लवकर हालचाल करा. अडकून थोडेच दिवस झाले असतील, तर हाताने सांधा सोडवायचा प्रयत्न यशस्वी व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून अनुभवी ओरल सर्जनकडे याच आठवड्यात पाठवा. सोबत मऊ जेवण, लहान घास, गरम शेक, पोट आणि किडनीचा इतिहास विचारून थोडे दिवस दाहशामक गोळी, आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले जबड्याचे व्यायाम. झोप, परीक्षा, घरातला ताण याविषयीही बोला. जुनाट दुखण्यासाठी २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखालचे व्यायाम आणि वर्तनोपचार यांची जोरदार शिफारस आहे. स्प्लिंटच्या (दातांवर बसवायच्या काढत्या-घालत्या साच्याच्या) बाबतीत मात्र कौल सौम्यपणे विरोधात आहे. स्प्लिंट द्यायचाच असेल तर सगळे दात झाकणारा कडक ॲक्रिलिकचा द्या. दात सरकत असल्यामुळे तो पुनःपुन्हा घासून जुळवावा लागतो. फक्त पुढच्या दातांवरचा स्प्लिंट महिनोन्‌महिने राहिला तर मागचे दात उतरतात आणि ओपन बाइट (पुढचे दात एकमेकांवर न येणं) तयार होतो.

आता आईचा प्रश्न. १९८७ साली मिशिगनमधल्या ज्युरीने ऑर्थोडॉन्टिक उपचारांमुळे सांधा बिघडल्याच्या दाव्यात पेशंटला साडेआठ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. त्यानंतर या विषयावर भरपूर अभ्यास झाला. प्रीमोलर काढल्याने किंवा ब्रेसेस लावल्याने हा विकार होतो, असं त्यातून दिसलं नाही. ब्रेसेसने तो बरा होतो, असंही दिसलं नाही, त्यामुळे सांध्यासाठी म्हणून तारा लावायचं आश्वासन कुणालाच देऊ नये. या वयात अशा तक्रारी तशाही वाढतात. हे सगळं आईला शांतपणे, वेळ देऊन सांगा. तिची भीती खरी आहे. तुमच्या नोंदींत सुरुवातीलाच क्लिक लिहिलेला असेल तर तो कागद दाखवा. प्रत्येक पेशंटचं उघडणं, आवाज आणि दुखणं बाँडिंगआधी (ब्रेसेस चिकटवण्याआधी) लिहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुखणं जाऊन उघडणं दोन-तीन महिने स्थिर राहिलं, की मग हलक्या फोर्सने पुढे चला. इलॅस्टिकऐवजी मिनिस्क्रूवरून (हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूच्या आधाराने) काढलेल्या दातांची जागा बंद करता येते का, तेही बघा. दरम्यान पुढचा बाइट उघडू लागला, ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा पुढे येण्याचं अंतर) वाढला किंवा हनुवटी मागे जाताना दिसली, तर सगळं थांबवा. तरुण मुलींमध्ये काँडाइल झिजण्याचा विकार असाच सुरू होतो, कधीकधी मुळीच न दुखता. अशा वेळी सीबीसीटी आणि संधिवाततज्ज्ञांचा सल्ला हवा. आजचे फोटो, स्कॅन आणि मिमीतले आकडे म्हणूनच जपून ठेवा.