बाळाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारं अपंगत्व) निघाला, डिलिव्हरीला डॉक्टर उशिरा आले होते, हॉस्पिटलवर केस करता येईल का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १४ महिन्यांचा, अजून बसत नाही, जन्मल्यावर लगेच रडला नाही, डॉक्टर उशिरा आले, आणि मिसेस स्वतःला दोष देतायत की सातव्या महिन्यात स्कूटीवरून फिरले म्हणून झालं. केस करता येते, पण कशाबद्दल करायची ते आधी कळायला हवं, आणि तिथेच मी पहिले सात महिने घालवले, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी आता ९ वर्षांची आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, पण पहिलं बाळंतपण म्हणून मी ठाण्याला माहेरी होते आणि तिथल्याच एका मॅटर्निटी होममध्ये डिलिव्हरी झाली. कळा लांबल्या, शेवटी व्हॅक्युम लावून बाळ काढलं, डोक्यावर हे एवढं टेंगूळ. पण रडली लगेच. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, 'थोडी पिवळी वाटतेय, सकाळचं कोवळं ऊन दाखवा, सात दिवसांनी या'. आई बिचारी गॅलरीत बाळाला घेऊन उन्हात बसायची. पाचव्या दिवशी ती प्यायचीच बंद झाली, नुसती झोपून, आणि रडली तर किरकिऱ्या बारीक आवाजात आणि पाठ धनुष्यासारखी मागे टाकायची. बायका म्हणाल्या अंग मोडतेय बाळ, तेल लावा. मोठ्या हॉस्पिटलला नेईपर्यंत रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, ३१. त्याच रात्री रक्त बदललं. जीव वाचला.

तेराव्या महिन्यात जेव्हा सीपी हा शब्द ऐकला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकच, व्हॅक्युम! डोकं दाबलं त्या डॉक्टरबाईने. मी तीन वकिलांकडे गेले आणि तिघांनाही तेच सांगितलं. मग परळला एका लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टने एमआरआय बघितला आणि शांतपणे म्हणाले, हे कळांमधलं नाही हो, ही कावीळ आहे. मेंदूच्या आत खोल एक ठराविक भाग असतो, बिलिरुबिन फार चढलं की ते तिथे जाऊन बसतं, आणि कानाच्या नसेवर पण, म्हणून तिला ऐकायला पण नीट येत नव्हतं जे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मग त्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर छापील अक्षरात होतं, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. म्हणजे रक्तगट जुळत नाही, कावीळ वाढू शकते, त्यात टेंगळातलं रक्त विरघळताना ती अजून वाढते, आणि तरी घरी सोडताना कोणी बिलिरुबिनची साधी टेस्ट केली नाही. सात महिने तो कागद माझ्या कपाटात होता.

तेव्हा तुमचं दुखणं डॉक्टर उशिरा आले हेच असेल असं गृहीत धरू नका, कदाचित असेलही. सीपीची कारणं खूप असतात, दिवस पूर्ण न होता जन्म, पोटात असताना झालेलं इन्फेक्शन, गर्भातच मेंदूला आलेला स्ट्रोक, जनुकांमधला दोष, नंतरचा मेंदूज्वर. १८६१ मध्ये लिटल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने हे अवघड बाळंतपणामुळे होतं असं मांडलं, आणि १८९७ मध्ये फ्रॉइडने, हो तोच मनोविश्लेषणवाला, म्हटलं की उलटंही असेल, बाळात आधीच काही बिघडलेलं असेल म्हणून बाळंतपण अवघड गेलं असेल. हा वाद कोर्टात आजही तसाच होतो, समोरचा वकील हेच म्हणणार. तुमच्या बाबतीत बघायचं ते हे: जन्मानंतर पाच आणि दहा मिनिटांनी बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण, म्हणजे अॅपगार किती, नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लता) काढला होता का आणि तो ७ च्या खाली होता का, पहिल्या २४ तासांत फिट आली का, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) किती दिवस होता, एमआरआय काय म्हणतो. हे सगळं एका दिशेला बोट दाखवत असेल तर कळांमध्ये ऑक्सिजन कमी पडला असं म्हणायला जागा आहे. तरी त्यानंतर वेगळा प्रश्न उरतोच, की बाळाचे ठोके मंदावतायत हे दिसत असून कोणी हललं नाही, की हे अचानक झालं. पहिला निष्काळजीपणा, दुसरं नशीब. दुसऱ्याला भरपाई नाही.

यासाठी कागद. हॉस्पिटलला साधा अर्ज द्या, संपूर्ण केस पेपर हवे, नर्सिंग नोट्स, पार्टोग्राम (कळा कशा पुढे सरकल्या त्याचा तक्ता), सीटीजीच्या पट्ट्या (बाळाच्या ठोक्यांचा आलेख), कन्सेंट फॉर्म, बाळाची वेगळी फाईल, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात आणि ३ वर्षं जपायचे असतात. भांडायला जाऊ नका, 'थेरपीवाल्यांनी मागितलेत' म्हणा, ते खोटंही नाही. मिळाल्यावर नोट्स नीट वाचा. माझ्या मैत्रिणीच्या फाईलमध्ये रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत दर अर्ध्या तासाला ठोके १४०, १४०, १४०, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. जिवंत बाळाचे ठोके असे नसतात. आणि सीटीजीची पट्टी थर्मल कागदावर असते, बसच्या तिकिटासारखी उडत जाते, मिळाली की त्याच दिवशी फोटो काढा.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षांची आहे. निदान कळलं तेव्हापासून धरा असा युक्तिवाद करता येतो, उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर राहू नका, जन्मतारखेपासून मोजा म्हणजे तुमच्याकडे १० महिने आहेत. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे डोंबिवलीचे असाल तर ठाणे जिल्हा आयोग, आणि कुठल्या आयोगाकडे जायचं ते आता दाव्यावर नाही तर तुम्ही भरलेल्या बिलावर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्ह्यातच. हॉस्पिटल सरकारी आणि सगळ्यांनाच फुकट असेल तर ग्राहक आयोग चालत नाही, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून तसंच आहे. पोलीस कंप्लेंटच्या नादाला मी तरी लागले नाही, २००५ च्या निकालानंतर तिथे फार ढळढळीत हलगर्जी लागते. मुख्य अडचण म्हणजे डॉक्टरच्या विरुद्ध लेखी मत द्यायला डॉक्टर तयार होत नाहीत. तोंडी सगळे हळहळतात. आम्हाला पुण्यातल्या एका रिटायर्ड सरांनी दिलं, चौथ्या प्रयत्नात. आमचा निकाल आमच्या बाजूने लागायला तीन वर्षं आठ महिने लागले, मग हॉस्पिटलवाले वरच्या आयोगात गेले, तिथे अजून तारखाच. एक पैसा हातात नाही.

म्हणून म्हणते फाईली दोन करा, आणि थेरपीची आधी. वकिलांच्या पायऱ्या चढण्यात माझ्या मुलीचे फिजिओचे जे महिने गेले त्याचा राग मला त्या मॅटर्निटी होमइतकाच माझा स्वतःचा येतो. फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), कानांची बेरा टेस्ट, डोळे, आणि खुब्यांचा एक्सरे डॉक्टर सांगतील तसा ठराविक काळाने, कारण अशा मुलांचा खुबा हळूहळू सरकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा, मग सरकारी निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचे पैसेही त्यात बसतात. आम्ही वाशीला महापालिकेच्या ईटीसी केंद्रात (अपंग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात) जायचो, तिथल्या बाकावर मला वकिलांपेक्षा जास्त माहिती मिळाली.

वहिनींना सांगा स्कूटीने सीपी होत नाही. एमआरआय दाखवताना हा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारू दे, आपल्या तोंडून पटत नाही. माझ्या सासूबाईंना निकालाची कॉपी मराठीत वाचून दाखवली तरी त्या अजून चौथ्या महिन्यातलं ग्रहण काढतात. मी चहा टाकायला उठते.