तळघरात पाणी, बिल्डरचे हात वर

प्रश्न : पुण्यात रो-हाउस घेतलं, ताबा डिसेंबर 2022 चा. 2023 च्या पावसाळ्यापासूनच तळघरात पाणी पाझरतं. तिथे मुलाची खोली केली होती, पलंग-पुस्तकं भिजली. बिल्डर दर वर्षी माणूस पाठवून केमिकल मारायचा, आता म्हणतो, ‘जमिनीतलं पाणी वाढलं, मी काय करू?’ स्वतः वॉटरप्रूफिंग करून खर्च वसूल करता येईल?

उत्तर : इतक्यात भिंतीला हात लावू नका. पुरावा त्या भिंतीतच आहे. नवा कोट चढला की ‘तुमच्याच माणसानं बिघडवलं’ म्हणायला बिल्डर मोकळा.

तुमच्या करारनाम्यावर रेराचा, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालचा, नोंदणी क्रमांक आहे. त्या कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला वा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्यानं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. म्हणजे डिसेंबर 2027 पर्यंत मुदत आहे. पण ‘निदर्शनास आणला’ हे सिद्ध तुम्हाला करायचंय, आणि तुम्ही आजवर सगळं फोनवर बोललात. आधी लेखी नोटीस द्या, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं, पोच जपा. पाणी भिंत-फरशीच्या सांध्यातून येतं की पाइप आत शिरतो तिथून, ते नेमकं लिहा. तुमच्या फोटोत फरशीपासून हातभर खार फुटलाय, पोपडे सुटलेत, तेही लिहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडा. बिल्डरच्या माणसाचे ‘उद्या येतो’ छाप व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, तक्रार पोचल्याचा तोच पुरावा.

जमिनीतल्या पाण्याच्या सबबीनं घाबरू नका. तळघर जमिनीखाली असणार हे नकाशा काढतानाच ठाऊक होतं की!

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची; दोष 2023 मध्येच दिसल्यानं बिल्डर तिथे मुदतीवर अडवेल. म्हणून महारेराकडे, म्हणजे रेराखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे जा. तक्रारीचं शुल्क 5,000 रुपये, आणि वकील लावायलाच हवा असं नाही (आमच्या धंद्याला हे मारक, पण खरं).

मुलाच्या खोलीचं मात्र जपून. मंजूर नकाशात तळघर साठवणीसाठी दाखवलं असेल, तर पलंग-पुस्तकांची भरपाई मागताच बिल्डर तो नकाशा पुढे करेल. दुरुस्तीचा हक्क त्यानं बुडत नाही. मागणीचा भर तिथेच ठेवा.

30 दिवस उलटूनही हालचाल नसेल, तर इंजिनिअरकडून खर्चाचा अंदाज घ्या, तो बिल्डरला पाठवा, आणि मग काम करा. बिलं जीएसटीची पक्की घ्या.