श्रीलंकेत एवढा पाऊस, एवढे धबधबे, मग छोट्या हायड्रोवर अख्खा देश का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की श्रीलंकेत डोंगर आहेत, वर्षातून दोन पावसाळे आहेत, मग प्रत्येक धबधब्यावर छोटे जलविद्युत प्रकल्प बांधून देश डिझेल आणि कोळशातून मोकळा का होत नाही, आणि तिथे हे काम बंद पडलंय का. बंद अजिबात पडलेलं नाही. 10 मेगावॉटपर्यंतचे, ज्यांना तिथे मिनी हायड्रो म्हणतात, असे 200 च्या वर प्रकल्प ग्रिडला, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्याला, जोडलेले आहेत आणि सगळ्यांची क्षमता मिळून 400 मेगावॉटच्या आसपास जाते. दोन-सव्वादोन कोटी लोकवस्तीच्या देशासाठी हे लहान काम नाही. मी स्वतः लहान टर्बाइन आणि त्यांच्या कंट्रोलच्या कामात आहे, त्यामुळे श्रीलंकेबद्दल मला खरंच आदर आहे.

पण अख्खा देश त्यावर चालणार नाही, कारण यात पाणी साठवलेलंच नसतं. ओढ्यात एक छोटा बंधारा घालतात, तिथून पाटाने डोंगराच्या कडेकडेने पाणी नेऊन फोरबे टँक नावाच्या छोट्या टाकीत सोडतात, तिथून पेनस्टॉक म्हणजे उताराच्या जाड पाइपातून खाली टर्बाइनवर आणि मग परत त्याच ओढ्यात. सेकंदाला 100 लिटर पाणी आणि 100 मीटर हेड (पाणी पडण्याची उंची) मिळालं तर साधारण 70 किलोवॉट निघतात, पाणी निम्मं झालं की वीज निम्मी, थांबवून ठेवायची सोयच नाही. रत्नपुरा, केगल्ल, नुवारा एलियाच्या पश्चिम उताराला मे ते सप्टेंबरचा नैऋत्य मान्सून मिळतो, पूर्वेकडच्या बदुल्लाच्या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्य मान्सून, पण बहुतेक प्रकल्प आहेत पश्चिमेकडे, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये पश्चिमेचे ओढे बारीक होतात आणि नेमका तेव्हाच उकाडा वाढून विजेची मागणी चढते. वर्षभराचा हिशोब केला तर क्षमतेच्या 30 ते 40 टक्केच वीज हातात येते. म्हणून तिथेही मोठा भार लक्षपाना आणि महावेलीच्या मोठ्या जलविद्युत धरणांवर आणि उरलेला बराचसा कोळसा-तेलावर असतो.

आता हे तिथेच एवढं का फोफावलं, तर त्याचं मूळ चहात आहे. इंग्रजांच्या काळात चहाच्या मळ्यांनी आपापल्या ओढ्यांवर शेकडो छोटी टर्बाइन बसवली होती, काही ठिकाणी तर वीज न बनवता थेट शाफ्ट आणि पट्ट्याने कारखान्याची यंत्रं फिरायची. डी. जे. विमलासुरेंद्र या इंजिनिअरने 1912 मध्ये नुवारा एलियाजवळ ब्लॅकपूलला छोटं पॉवर स्टेशन उभं केलं आणि 1918 मध्ये अख्ख्या बेटाच्या जलविजेचा हिशोब मांडणारा पेपर वाचला. त्याच्या लक्षपाना योजनेचं काम विसाच्या दशकात सुरू होऊन रखडलं आणि वीज यायला 1950 उजाडलं. पुढे ग्रिडची वीज मळ्यांपर्यंत आली, सत्तरच्या दशकात मळे सरकारजमा झाले आणि ती छोटी मशिनं गंजत पडली. ऐंशीच्या दशकात त्यातली काही दुरुस्त करायला घेतली आणि त्या दुरुस्तीच्या कामातून तिथलेच इंजिनिअर, फाउंड्रीवाले, फिटर तयार झाले. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया हाच आहे. बाहेरून पेटीबंद मशिनं आणून बसवली असती तर पहिलं बेअरिंग गेल्यावर गाडं तिथेच थांबलं असतं.

मग 1996-97 च्या सुमारास सिलोन इलेक्ट्रिसिटी बोर्डाने, म्हणजे तिथल्या सरकारी वीज मंडळाने, 10 मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांसाठी एकच छापील करार आणला. घासाघीस नाही, 15 वर्षं वीज घेण्याची हमी, आणि दर म्हणजे या विजेमुळे बोर्डाचं जेवढं इंधन वाचतं त्यावरून काढलेला. नंतर दर प्रकल्पाच्या खर्चावर ठरायला लागला आणि मुदत 20 वर्षं झाली. जोडीला जागतिक बँकेचा पैसा होता, पण तो तिथल्याच बँकांमधून लांब मुदतीचं कर्ज म्हणून आला, त्यामुळे डीएफसीसीसारख्या बँकांचे अधिकारी हायड्रोचा प्रपोजल वाचायला शिकले. लहान प्रकल्पाला वकील आणि वाटाघाटींचा खर्चच मारून टाकतो, एक छापील करार असला की तो खर्च जातो. टर्बाइन कुठलं वापरलं यापेक्षा या कागदाने जास्त काम केलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र गावांच्या मशिनांबद्दल. जिथे ग्रिड नव्हतं तिथे गावकऱ्यांनी वीज ग्राहक समित्या केल्या, श्रमदानाने पाट खणले आणि पाच-दहा ते पन्नास किलोवॉटचे संच बसवले. अशी दोनशेच्या वर गावं झाली. बऱ्याच ठिकाणी जनरेटर म्हणजे पंपाला असते तशी साधी इंडक्शन मोटर, कॅपॅसिटर लावून जनरेटर म्हणून चालवलेली, आणि जास्तीची वीज पाणी तापवण्यात घालवणारा कंट्रोलर. घरामागे शे-दोनशे वॉट मिळायचे, म्हणजे दिवे, रेडिओ, टीव्ही, बस. दर महिन्याची वर्गणी, रात्री कोणी इस्त्री लावायची नाही हे नियम समितीचेच.

2016 च्या सुमारास ग्रिड देशभर जवळपास सगळीकडे पोचलं आणि गावांनी हे संच एकेक करून सोडले. गावकऱ्यांना मी दोष देणार नाही, फ्रिज चालणारी वीज दारात आली तर कोण नाही घेणार! पण मशीन चांगलं, पाणी वाहतंय आणि सगळं बंद, हे बघून जीव तुटतो. हे संच ग्रिडला जोडायला तांत्रिक अडचण म्हणाल तर फारशी नाही, कारण ग्रिड आलं की फ्रिक्वेन्सी सांभाळायचं सगळ्यात किचकट काम ग्रिडच करतं, तीच मोटर जोडता येते, फक्त प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की संच तोडणारं उपकरण) आणि मीटर नीट लागतं. अडतं ते कागदावर, गावाच्या समितीला कंपनीसारखा करार, परवानगी, तपासणी हे झेपत नाही.

2022 ची मोठी टंचाई आठवा, मार्चअखेरीला दिवसाला 13 तासांपर्यंत वीज जात होती. तुम्हाला वाटेल तेव्हा मिनी हायड्रोवाल्यांनी तरी वीज दिली असेल. पण फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, बंद केला की त्यावरचा मिनी हायड्रोही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, म्हणजे ओढा वाहतोय आणि खालचं गाव अंधारात. त्याच काळात बोर्डाकडून खासगी प्रकल्पांची बिलं महिनोन् महिने थकली. गावाचा स्वतःचा संच ग्रिडसोबत आणि ग्रिडशिवाय असा दोन्ही पद्धतीने चालेल असा ठेवला असता तर निदान त्या गावांचे दिवे लागले असते.

शेवटी तुमचं ते 'प्रत्येक धबधब्यावर बांधा', त्याला माझा साफ विरोध आहे. बंधारा ते पॉवरहाऊस या टप्प्यात ओढा कोरडा पडतो आणि श्रीलंकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी निम्म्याहून जास्त जाती दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. सिंहराजा जंगलाच्या आसपास आणि अथ्वेलथोटा या गावी लोक विरोधाला उभे राहिले ते उगाच नाही. ओढ्यात किती पाणी सोडायचं हे कागदावर लिहिलेलं असतं, पण कोरड्या महिन्यात रात्री गेट कोण तपासतं? मला विचाराल तर आता नवीन ओढे सोडा, मळ्यांची जुनी स्टेशनं, कालव्यांवरचे ड्रॉप (जिथे पाणी पायरीसारखं खाली पडतं), पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनी आणि हे बंद पडलेले गावसंच घ्या. 20 किलोवॉटचा संच वर्षभरात सरासरी निम्म्या ताकदीने चालला तरी दिवसाला 240 युनिट होतात, घरामागे तीन युनिट धरले तर 80 घरांचं भागतं, आणि पाट तर खणून तयार आहे.