वाचक विचारतात : धडधाकट आईवडिलांच्या बाळात जनुकीय दोष कुठून येतो?

प्रश्न : माझ्या भावजयीचे पहिले बाळ जन्मानंतर काही तासांतच गेले. त्याच्या मेंदूचे दोन भाग झालेच नव्हते. डॉक्टरांनी या व्यंगाला ‘होलोप्रोसेनसेफली’ म्हणतात असे सांगितले आणि कारण जनुकीय असू शकेल, असेही म्हटले. आमची आई मात्र भावजयीने ग्रहणात भाजी चिरली म्हणूनच हे घडले, असे धरून बसली आहे. नवरा-बायको दोघेही धडधाकट असताना हा दोष आला कुठून? त्यावर कुणी संशोधन केले आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ग्रहणाचा या व्यंगाशी काडीचाही संबंध नाही, हे सर्वप्रथम आपल्या आईंना सांगावे; बाळ गमावलेल्या सुनेवर असा ठपका ठेवणे हा फार मोठा अन्याय आहे. गर्भाच्या मेंदूचा पुढचा भाग उजव्या-डाव्या अर्धगोलांत विभागला जातो तो गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कळू लागते तेव्हा.

संशोधनाबद्दल विचारलेत, तर मॅक्स म्युन्के या वैद्यकीय आनुवंशिकी-तज्ज्ञांचे नाव घ्यावे लागेल. हे व्यंग ज्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसत होते अशा कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यातील एक जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९६ मध्ये ते ‘सॉनिक हेजहॉग’ असल्याचे सिद्ध झाले. याच कुळातले मूळ जनुक क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाऊस यांना फळमाशीत सापडले होते. त्या दोघांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माशीच्या अळीवरचे काम माणसाच्या बाळाच्या मेंदूपर्यंत असे पोहोचले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच कुटुंबांच्या अभ्यासात आहे. एका जनुकातला तोच बदल एका घरातल्या बाळाच्या जिवावर उठतो, तर त्याच घरातल्या आईत किंवा वडिलांत वरच्या जबड्यात मधोमध दोनऐवजी एकच पटाशीचा दात, डोळ्यांमधले अंतर थोडे कमी, एवढ्याच खुणा दिसतात. काहींत तर काहीच दिसत नाही. त्यामुळे धडधाकट दिसणारे आईवडीलही हा बदल बाळगून असू शकतात. मात्र तो त्यांच्याकडूनच आला असे गृहीत धरू नये, कारण पुष्कळदा तो बाळातच नव्याने घडतो, आणि अनेक बाळांत मूळ कारण तेराव्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे असते. आईला गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असल्यासही धोका वाढतो.

म्हणून पुढच्या गर्भधारणेआधी दोघांनी जनुकीय समुपदेशकाची भेट घ्यावी. बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी झाली असेल, तर तो अहवाल सोबत न्यावा. नसेल तर बाळाचा एखादा नमुना रुग्णालयात जपून ठेवला आहे का, याची चौकशी करावी. आईवडिलांपैकी एकात हा जनुकीय बदल आढळला, तर प्रत्येक गर्भधारणेत तो बाळाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते, पण तो मिळालेल्या प्रत्येक बाळाला गंभीर व्यंग होतेच असे नाही. दोघांतही आढळला नाही, तर पुनरावृत्तीचा धोका बराच कमी असतो. पुढच्या वेळी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी अनुभवी तज्ज्ञाकडून करून घ्यावी; व्यंग तीव्र असेल तर ते बहुधा तेव्हाच दिसून येते.